पिप्पलीचा पाठ आणि उत्तर देणारे यंत्र

अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या पट्ट्यात पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळीची लागवड होते, हे वऱ्हाडातील वैद्यांना व औषधी निर्मात्यांना सांगावयास नको. हीच आपली पिप्पली. आयुर्वेदाचे विद्यार्थी मात्र तिची माहिती संहितेआधी भ्रमणध्वनीवरील कृत्रिम बुद्धिमत्तेस विचारू लागले आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. क्लिष्ट संस्कृत वाक्याचा अन्वय क्षणात सोपा करून मिळत असेल तर कोण नाकारील?

परंतु हे यंत्र उत्तर देते कसे, ते समजून घेतले पाहिजे. २०२२ च्या अखेरीपासून सर्वत्र पसरलेली ही संवादी यंत्रे प्रचंड मजकुराच्या अभ्यासावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवीत जातात. त्या मजकुरात संस्कृत व मराठीचा वाटा इंग्रजीच्या मानाने अत्यल्प. त्यामुळे भाषा सफाईदार असते, पण दिलेला श्लोकक्रमांक कधी कधी निखालस कल्पित निघतो.

चरकसंहितेत चिकित्सास्थानात पिप्पलीचे रसायन सांगितले आहे, आणि विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात क्षार व लवण यांच्यासोबत तिच्या अतिसेवनाचा निषेधही केला आहे. ही दोन्ही स्थाने वाचणाऱ्यासच मात्रा व काल यांचा विवेक येतो. ‘पिप्पली हे उत्तम रसायन’ एवढेच उत्तर घेऊन आंतरवासीय विद्यार्थी रुग्णासमोर बसला, तर हानी रुग्णाची होते. ब्राह्मीचेही तसेच. काही प्रांतांत त्या नावाने मंडूकपर्णी विकली जाते. कच्चा माल घेणाऱ्या औषधालयास हा भेद पडद्यावरून नव्हे, वनस्पती हातात घेऊनच पारखावा लागतो.

याचा अर्थ संगणकाचे वावडे असावे असा नव्हे. हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुन्या लेखी पुराव्यांच्या बळावर. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. चरक-सुश्रुतांच्या संहिताही आता संगणकावर शोधता येतात, म्हणजे पडताळणीचे साधन त्याच भ्रमणध्वनीत आहे.

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एवढे करून घ्यावे: यंत्राचे उत्तर वहीच्या डाव्या पानावर, आणि समोर संहितेतील स्थान, अध्याय व मूळ वचन. जेथे वचन सापडणार नाही, तेथे डावीकडील ओळ त्यांच्याच हाताने खोडवावी.