एकाच नावाच्या दोन चिंबोऱ्या

नांग्या बांधून बाजारात येणारी खाडीची जाड चिंबोरी (मालवणकडची कुर्ली) वर्षानुवर्षं आपल्या पुस्तकांतून ‘स्किला सेराटा’ या एका नावाने वावरली. त्या नावाचा माग काढण्याचा मला जुना नाद आहे.

नाव दिलं पेटर फोर्स्कोलने. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेत होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये तो हिवतापाने वारला. सोबतीही एकामागून एक गेले. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. १७७५ मध्ये त्याने मित्राची टिपणं छापली. त्यांत खेकड्याचं वर्णन होतं. प्रत्यक्ष नमुना मात्र पुढे कुणाला मिळाला नाही. ताडून बघायला काही उरलं नाही आणि आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंतच्या खाड्यांतले असे सगळे खेकडे हळूहळू त्या एकाच नावाखाली गेले. १८९९ मध्ये कलकत्त्याच्या अल्कॉकनेही तेच मान्य केलं.

माझा जीव जडला तो फिलिपिन्सचे संशोधक एस्ताम्पादोर यांच्यावर. तिथले मच्छीमार हे खेकडे वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, ही गोष्ट त्यांनी हसण्यावारी नेली नाही. रंग, काटे, अंड्यांची आणि शुक्रपेशींची घडण तपासून १९४९ मध्ये त्यांनी मांडलं की या तीन जाती आणि एक उपप्रकार आहेत. १९५२ मध्ये व्हिएतनाममधून सेरेन यांनी त्यांना दुजोरा दिला. पण १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीफन्सन आणि कॅम्पबेल यांनी एकच जात कायम ठेवली आणि बहुतेकांनी तेच उचललं. माझ्या मते हा एस्ताम्पादोर यांच्यावर अन्याय होता. रोज चिखलात हात घालणाऱ्या माणसांची साक्ष त्यांच्या पाठीशी होती.

निकाल लागला १९९८ मध्ये. कीनन, डेव्ही आणि मान यांनी प्रथिनं आणि डीएनए तपासून चार जाती सिद्ध केल्या आणि सेराटासाठी तांबड्या समुद्रातला नवा प्रमाण-नमुना ठरवला. एस्ताम्पादोर यांची विभागणी खरी ठरली, चुकली होती फक्त नावांची वाटणी: त्यांनी ज्याला सेराटा म्हटलं तो निघाला या चारांपैकी ऑलिव्हेसिया. भारतातही तोच घोळ होता. इथला ‘सेराटा’ म्हणवणारा लहान खेकडा प्रत्यक्षात ऑलिव्हेसिया आणि ‘ट्रॅंक्वेबॅरिका’ म्हणवणारा मोठा खरा सेराटा, हे अलीकडे डीएनए चाचण्यांनी दाखवलं.

हा वाद नुसता पाट्यांचा नव्हता. सेराटाच्या कपाळावरचे दाते उंच, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे, सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी; त्याला बराच काळ खारं पाणी लागतं. ऑलिव्हेसियाचे दाते बोथट, नांग्या तांबूस. तो कांदळवनात बिळं करून राहतो आणि गोडं पाणी मिसळलेल्या खाडीतही टिकतो. त्याची मादी लहान आकारातच वयात येते. दोघांची मोजमापं एका नावाखाली लिहिली की खेकडा किती मोठा झाल्यावर पकडावा, याचा हिशेबच बिघडतो.

जीवनक्रम दोघांचा सारखाच थक्क करणारा. मादी कात टाकून मऊ पडते तेव्हाच मीलन होतं. नर आधी कित्येक दिवस तिला पोटाखाली धरून फिरतो. मीलनात मिळालेलं नराचं बीज ती महिनोन्‌महिने साठवते. मग लाखेने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, भरलेली मादी खाडी सोडून समुद्राकडे निघते. ऑस्ट्रेलियात हिल यांना अशा माद्या किनाऱ्यापासून ९५ किलोमीटरपर्यंत ट्रॉलरच्या जाळ्यात सापडल्या. तिथे ती लाखो अंडी पोटाखाली वागवते. नारिंगी अंडी काळपट झाली की फुटतात. पिल्लांच्या पाच अवस्था खुल्या खाऱ्या पाण्यात जातात, कारण पाणी गोडसर झालं तर ती मरतात. सहाव्या, मेगालोपा अवस्थेत ती किनाऱ्याकडे वळतात आणि तिवरांच्या मुळांत आसरा घेतात. एकमेकांना खातातही. म्हणून लाख भरलेली मादी खाडीच्या तोंडाशी पकडली, की समुद्रात जाणारी एक पिढीच थांबते.

आता तमिळनाडूत तोडुवाईला सेराटाची पिल्लं हॅचरीत वाढवतात. तिथली पिल्लं सिंधुदुर्गातल्या कांदळवनांत कुंपणं घालून वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. त्या हॅचरीच्याच जिल्ह्यात तरंगमबाडी आहे, डेन्मार्कचं जुनं ठाणं. प्राणिशास्त्रज्ञ फाब्रिसियसने १७९८ मध्ये ‘ट्रॅंक्वेबॅरिका’ हे नाव त्या गावावरूनच दिलं.