आजोबा गुलाबी का झाले?

आजीचं सहस्रचंद्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. हॉल बुक, केटरर फायनल, आणि घरच्यांनी मिळून केलेल्या स्मरणिकेच्या 300 प्रती छापून तयार. पहिली प्रत अर्थातच आजीच्या हातात. तिने चष्मा लावला, 1962 सालच्या लग्नाच्या फोटोचं पान उघडलं आणि विचारलं, ‘‘अगं, हे असे होळी खेळून आल्यासारखे का दिसतायत?’’

‘हे’ म्हणजे आजोबा! ब्लॅक अँड व्हाइट फोटोतले आमचे आजोबा चक्क गुलाबी झाले होते. तीन पानं पुढे, ऑफिसातल्या सत्काराच्या फोटोत हिरवट. घरात सन्नाटा. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. त्या लग्नाची एवढी एकच प्रिंट उरलीय. तिचा असा रंगोत्सव 300 घरांत जाणार?

तडक प्रेस गाठली. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण मशीनवरच्या काकांनी शांतपणे आमचीच फाइल उघडून दाखवली. चूक आमची होती. तुम्हीही कधी स्मरणिका, कॉफी टेबल बुक किंवा ऑफिसचं ब्रोशर छापणार असाल, तर ही चूक आधीच समजून घ्या.

राखाडी म्हणजे नेमकं काय?

स्कॅन केलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो आपल्या डोळ्यांना बिनरंगी दिसतो, कॉम्प्युटरला नाही. बहुतेक वेळा ती फाइल ‘आरजीबी’ म्हणजे रंगीतच असते. छपाईला जाताना तिचं ‘सीएमवायके’ होतं : सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार शाया. मग मधल्या छटेचा राखाडी रंग तयार होतो तो साधारण 50 टक्के सायन, 40 टक्के मॅजेंटा, 40 टक्के यलो आणि थोडंसं ब्लॅक मिळून. तिन्ही शाया सारख्या का नाहीत? कारण शाया शंभर टक्के शुद्ध नसतात. सारख्या प्रमाणात घेतल्या तर राखाडी नाही, तपकिरी मिळतो. म्हणून सायन जरा जास्त.

म्हणजे हा राखाडी तीन रंगांच्या तारेवरच्या कसरतीवर उभा असतो. एक शाई जराशी जास्त पडली की तोल गेलाच! रंगीत फोटोत एवढा फरक खपून जातो. निळी साडी किंचित जास्त निळी झाली, कुणाला कळतंय? पण राखाडीत गुलाबी झाक आली की आजीलाही चष्म्यातून दिसते.

आमचं नेमकं काय चुकलं, तेही काकांनी सांगितलं. ऑफसेट मशीनवर आठ-आठ पानं एका मोठ्या शीटवर एकत्र छापली जातात आणि शाईचं प्रमाण शीटच्या पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त करता येतं. आजोबांच्याच पट्ट्यात ताईच्या लग्नाचा लाल शालूतला फोटो होता. शालू खुलावा म्हणून मॅजेंटा वाढवला, तो आजोबांनाही लागला. सत्काराच्या फोटोच्या पट्ट्यात गावच्या घरामागची हिरवीगार बाग होती. पुढचं सांगायला नकोच.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपा उपाय : फोटोतून रंगच काढून टाका. फोटोशॉपमध्ये ‘डिसॅच्युरेट’ करून थांबू नका. त्याने फोटो फक्त दिसायला राखाडी होतो, फाइल रंगीतच राहते. ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन ‘ग्रेस्केल’ करा. आता फोटो फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर जाईल. बाकीच्या शायांनी शेजारी काय वाट्टेल तो धिंगाणा घालू दे, आजोबा सेफ!

जुनी प्रिंट पिवळी पडली असेल, तर आधी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंट वापरा. त्यात प्रत्येक रंग किती गडद किंवा फिका करायचा ते आपल्या हातात राहतं, डागही बरेच लपतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. छपाईत शाईचा ठिपका कागदावर पसरतो. 50 टक्क्यांचा ठिपका सहज 65 ते 70 टक्क्यांचा दिसू शकतो. म्हणून स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. मधल्या छटा थोड्या उजळ ठेवा. कागद साधा मॅपलिथो असेल तर आर्ट पेपरपेक्षा जरा जास्तच.

आता खरं सांगायचं तर, नुसत्या काळ्या शाईतला फोटो थोडा सपाट वाटतो. चार शायांचा गडदपणा त्यात येत नाही. बजेट असेल तर ‘ड्युओटोन’ करा : काळ्यासोबत राखाडीची एक वेगळी शाई. छटा सुंदर उतरतात, पण प्लेट वाढते आणि बिलही. पुस्तक फोर-कलरच असेल तर मधला मार्ग आहे. सीएमवायके करताना ‘जीसीआर’मध्ये ब्लॅक जनरेशन ‘हेवी’ ठेवा. मग राखाडीचा बहुतेक भार काळी शाई उचलते, बाकीच्या तिघी फक्त गडद भागाला टेकू देतात. झाक येण्याचा धोका पूर्ण जात नाही, पण बराच कमी होतो.

प्रेसला फाइल देण्याआधी

* पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, ‘आउटपुट प्रिव्ह्यू’त जाऊन ब्लॅकची टिक काढा. ग्रेस्केल फोटो पूर्ण गायब झाला तर पास! भुतासारखा उरला तर त्यात अजून रंग आहेत.
* छापायच्या साइझला फोटो 300 पीपीआयचा हवा.
* प्रूफ ट्यूबलाइटखाली पास करू नका. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. चार शायांचा राखाडी प्रकाशाप्रमाणे रंग बदलतो.
* प्रेसला स्पष्ट विचारा, ‘‘हे फोटो सिंगल ब्लॅकमध्ये जाणार की फोर-कलरमध्ये?’’
* थोड्या प्रती डिजिटलवर काढत असाल तरी ग्रेस्केल फाइलच द्या आणि एक प्रत आधी मागा.

आम्ही ती दोन फॉर्मची पानं पुन्हा छापून घेतली. खर्च वाढला, बाइंडिंगवाल्याने रात्र जागवली, प्रती कार्यक्रमाच्या सकाळी हॉलवर पोचल्या. आजीने पुन्हा चष्मा लावला, पुन्हा तेच पान उघडलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग फोटोवरून हळूच बोट फिरवत म्हणाली, ‘‘हां, आता हे ओळखू येतात.’’