जुना एसी बदलावा काय? – एक हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि पूर्वीच्या धाब्याच्या घरांची आठवण होते. घरात वृद्ध आईवडील असतील तर वातानुकूलन यंत्र ही चैन राहत नाही. मात्र विजेचे बिल पाहून तेच वृद्ध यंत्र बंद करावयास लावतात. रविवारच्या मिस्सेनंतर यासंबंधी प्रश्न हमखास निघतो, म्हणून हा खटाटोप.

दीड टनाचे जुने यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे १.८ युनिट वीज घेते. तो मधूनमधून थांबतो हे लक्षात घेता सरासरी १.३५ युनिट धरू. नवे पाच स्टारचे इन्व्हर्टर यंत्र कॉम्प्रेसरची गती कमीजास्त करीत चालते. आपल्या उन्हाळ्यातही त्यास तासाला ०.६५ युनिट धरावयास हरकत नाही. रोज आठ तास वापर असेल तर महिन्याला १६८ आणि तीन महिन्यांत सुमारे ५०० युनिट वाचतात. सर्व आकारांसह युनिटला १२ रुपये धरल्यास ही बचत ६,००० रुपयांची होते. यंत्रास ४२,००० रुपये पडले तर सात वर्षांत ते वसूल होतात.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० व ५०० युनिटांच्या पायऱ्या असून वरच्या पायरीवरील युनिट महाग असते. घराचा इतर वापर महिन्याला १०० युनिट असेल, तर जुन्या यंत्रासह तो ४२४ वर जातो, नव्यासह २५६ वर थांबतो. म्हणजे वाचलेली बहुतेक युनिटे महागडीच असतात.

परंतु ज्यांच्याकडे यंत्र दुपारी दोनच तास चालते, त्यांची वार्षिक बचत जेमतेम १,५०० रुपये. त्यांनी ४२,००० रुपये घालण्यात अर्थ नाही. जाळी धुवावी, तापमान २४ वर ठेवावे, गच्चीवर चुना द्यावा. आपली हवा कोरडी असल्याने येथे साधा कूलरही उत्तम काम देतो. मुंबईकरांना ते भाग्य नाही.

खरेदी करताना केवळ तारे मोजू नयेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आपले निकष वेळोवेळी कडक करते. जुलै २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच स्टारचे यंत्र दुसऱ्या दिवशी चार स्टारचे ठरले. म्हणून लेबलवरील वर्ष पाहावे आणि त्याखाली छापलेला वार्षिक युनिटांचा आकडाही वाचावा. तो १,६०० तासांच्या वापरासाठी असतो; आपला वापर त्याच्या निम्मा असेल तर आकडाही साधारण निम्मा धरावा. दोन यंत्रांची तुलना करण्यास दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो.