हृदयाची हाक

रात्रीचे जेवण आटोपते आणि घरातील कर्त्या माणसाच्या छातीत जड वाटू लागते. अंगाला दरदरून घाम सुटतो. ‘पित्त झाले असेल, गॅस अडला असेल,’ असे म्हणून कोणी ओवा देते, कोणी सोडा पाजते, कोणी छातीला बाम चोळते. सकाळी बरे वाटेल या आशेवर रात्र सरत जाते. काही घरांत ती सकाळ त्या माणसाला दिसतच नाही. ‘कालपर्यंत धडधाकट होता, अचानक गेला,’ असे म्हणून शेजारीपाजारी हळहळतात.

हे ‘अचानक’ पूर्णपणे खरे नसते. हृदयविकाराचा झटका काही क्षणांत येतो, पण त्याची पूर्वतयारी शरीरात अनेक वर्षे चाललेली असते. ही गोष्ट जितकी काळजीची, तितकीच दिलाशाची आहे; कारण जे हळूहळू घडते, ते पुष्कळदा वेळीच रोखता येते.

अविश्रांत श्रमणारा अवयव

हृदय दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे कललेले असते. त्याचा आकार साधारणपणे माणसाच्या मुठीएवढा आणि वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे पाठवते. तेथून ऑक्सिजन घेऊन आलेले रक्त डावी बाजू सर्व शरीराला पुरवते. रक्त उलट दिशेने वाहू नये म्हणून हृदयात झडपा असतात. रक्त असे शरीरात सतत फिरत राहते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सप्रमाण दाखवून दिले.

विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा धडधडते. म्हणजे दिवसभरात ते सुमारे एक लाख ठोके देते आणि जवळजवळ ७,००० लिटर रक्त पुढे ढकलते. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर हे साडेचारशेहून अधिक हंडे होतात! एवढे रक्त आतून वाहत असले, तरी हृदयाच्या स्नायूला स्वतःचे पोषण मुख्यतः त्यातून मिळत नाही. त्याला रक्त पुरवणाऱ्या वेगळ्या, बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांना करोनरी धमन्या म्हणतात. शेतभर पाणी सोडणाऱ्या माणसाची तहान मात्र त्याच्या स्वतःच्या घागरीतील पाण्यानेच भागावी, तसा हा प्रकार आहे.

रक्तवाहिनी का तुंबते?

हृदयाचे विकार अनेक प्रकारचे असतात. काही जन्मजात असतात. काहींचे मूळ बालपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापात असते. त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. म्हणून मुलांच्या घसादुखीकडे दुर्लक्ष करू नये. परंतु प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारा गंभीर विकार म्हणजे करोनरी धमन्यांचा विकार होय.

उच्च रक्तदाब, तंबाखू आणि रक्तातील वाढलेली साखर यांमुळे धमनीच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते. तेथे कोलेस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ साचू लागतो. ही क्रिया तरुणपणीच सुरू होऊ शकते. नळात गाळ साचावा, तशी धमनी आतून अरुंद होत जाते. अशा व्यक्तीची जिना किंवा चढ चढताना छाती भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते. यास अंजायना म्हणतात. ही हृदयाने दिलेली पहिली हाक असते.

पुढे एखाद्या वेळी साचलेल्या थराला तडा जातो. तेथे रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. तिच्यावर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू रक्ताविना मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. कधीकधी धमनी फारशी अरुंद नसतानाही असा तडा जातो. त्यामुळे आधी काहीच त्रास झाला नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

कारणांचा शोध

हा रोग वार्धक्याचा अटळ भाग आहे, असा पूर्वी समज होता. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीची दीर्घकाळ नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुढे ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी निगडित असल्याचे त्यात आढळले. तंबाखू, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय हे ते घटक होत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे कमावत्या वयातच हा रोग घराचा आधार हिरावून घेतो. वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाही. पण या नऊ घटकांपैकी बहुतेकांवर ताबा मिळवता येतो.

हृदयाची निगा

पहिली गोष्ट म्हणजे बिडी, सिगारेट, गुटखा, मिश्री अशा कोणत्याही रूपातील तंबाखू सोडणे. धूम्रपान सोडल्यानंतर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून ‘आता सोडून काय उपयोग?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

आहारात डाळी, पालेभाज्या, फळे आणि भरड धान्ये असावीत. दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. त्यात लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही धरावे. वनस्पती तुपासारख्या पदार्थांत आढळणारी ट्रान्स फॅट नावाची चरबी विशेष घातक असते. भारतात २०२२ पासून खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांत तिचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तळणीचे तेल पुन्हापुन्हा वापरू नये.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे हा बिनखर्चाचा व्यायाम आहे. पुरेशी झोप आणि मन मोकळे करता येईल अशी माणसे यांचाही हृदयाला आधार होतो. तिशीनंतर रक्तदाब व साखर नियमितपणे तपासावी. १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब वारंवार आढळल्यास उपचार घ्यावेत. हे रोग बहुधा मुकाट्याने वाढतात. म्हणून बरे वाटते या कारणाने औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

झटका आल्यास

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, घाम येणे, दम लागणे ही मुख्य लक्षणे होत. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना कधीकधी छातीत दुखतही नाही. केवळ दम लागतो, मळमळते किंवा विलक्षण थकवा येतो. घरकामाचा शीण समजून अनेक स्त्रिया ही लक्षणे अंगावर काढतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये. त्याला बसवावे किंवा टेकून ठेवावे, १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाच्या विद्युत आलेखाची, म्हणजेच ईसीजीची, सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध किंवा धमनी उघडणारी अँजिओप्लास्टी जितक्या लवकर होईल, तितका स्नायू अधिक वाचतो. रुग्ण बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा. त्याने प्राण वाचू शकतो.

पित्ताची शंका रुग्णालयात जाऊनही फिटते. तपासणीत केवळ पित्तच निघाले, तर एक फेरी वाया गेली एवढेच. पण झटका असेल, तर घरी काढलेला प्रत्येक तास हृदयाचा काही भाग कायमचा नेतो. हृदयाची हाक पुष्कळदा हळू असते. ती ऐकणे आणि त्याच क्षणी उठून निघणे, हे घरातील प्रत्येकाला आले पाहिजे.