डास चावलेला कळतो, गोचीड कळत नाही

शाळांच्या परीक्षा संपल्या, की मुंबई-पुण्यातील कुटुंबांची पावले सह्याद्रीकडे वळतात. पवना, भंडारदरा यांसारख्या जलाशयांच्या काठी तंबू ठोकून मुक्काम करण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे. तंबू, विजेरी, खाण्याचे जिन्नस यांची यादी आठवडाभर आधी तयार होते. चावणाऱ्या कीटकांचा विचार मात्र पहिल्या रात्री कानाशी गुणगुण सुरू झाल्यावरच सुचतो.

वास्तविक डासांचा निम्मा बंदोबस्त तंबूची जागा निवडतानाच होतो. डास हा उडण्यात दुबळा. वाहत्या वाऱ्याच्या उंचवट्यावर त्याचा टिकाव लागत नाही. उन्हाळ्यात ओढे आटून मागे राहिलेली डबकी ही त्याच्या अळ्यांची हक्काची जागा. त्यामुळे तंबू पाण्याला खेटून न लावता शे-दोनशे पावले दूर, मोकळ्या जागी लावावा. पाण्याचे दृश्य थोडे दुरावते, पण झोप मिळते. गुरे चरतात तेथे भरदिवसा गोमाशी चावते. आंब्याच्या सावलीत बसण्यापूर्वी वर नजर टाकावी; पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या तेथे असण्याची शक्यता असते. या साऱ्यांचा चावा झोंबतो, म्हणून माणूस लगेच सावध होतो.

गोचिडीचे तसे नाही. ती काटेकोर अर्थाने कीटकही नव्हे; कोळ्याच्या कुळातील हा जीव. तिला ना उडता येते, ना उडी मारता येते. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते आणि जवळून जाणाऱ्याला चिकटते. तिची पिले तिळाएवढी असतात आणि चावताना वेदना जवळजवळ होत नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जाणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष गांभीर्याने घ्यावी. कारण तेथील जंगलांत गोचिडीमार्फत ‘माकडताप’ पसरतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात या रोगाचा विषाणू प्रथम सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. तिळारीचा परिसर याच दोडामार्गात येतो. गोचिडीच्या पिलांचा सुळसुळाट हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमका सहलींच्या दिवसांत असतो. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच जण दगावतात आणि या रोगावर नेमके औषध नाही. जंगलात माकड मरून पडलेले दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये, तेथे मुक्कामही करू नये. आरोग्य केंद्राला कळवावे.

उपाय साधेच आहेत. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत म्हणजे अंगावर चढणारी गोचीड दिसते. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. ते दिसते विचित्र, पण उपयोगी पडते. पाचोळ्यावर थेट बसू नये. उघड्या त्वचेवर ‘डीट’युक्त मलम किंवा संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘डेपा’ लावावे. उन्हापासून बचावाचे मलम लावायचे असल्यास ते आधी आणि कीटकरोधक नंतर. दोन महिन्यांखालील बाळाला डीट लावू नये. सिट्रोनेला तेलाचा वास छान येतो, पण परिणाम फार वेळ टिकत नाही.

मुक्कामावर परतताच काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू, कमरपट्ट्याखालची जागा आणि मुलांचे केस तपासावेत. गोचीड रुतलेली आढळल्यास तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा तिला काडीने चटका देणे हे घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत. बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत पकडून न पिळता सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. चिमटा मिळत नाही म्हणून थांबू नये. हाताला रुमाल गुंडाळूनही ती काढता येते.

माकडतापाची लक्षणे साधारण तीन ते आठ दिवसांनी दिसतात. तोवर सहल संपून कार्यालय-शाळा सुरू झालेली असते. म्हणून परतल्यावर आठवडाभरात एकाएकी थंडी वाजून ताप आला, डोके व अंग ठणकू लागले, तर डॉक्टरांना मुक्काम कोठल्या जंगलात होता हे आवर्जून सांगावे. त्यांनी विचारले नाही तरीही.