संगणकजाळ्यांची ओळख, लेखांक ७ : घरच्या अभ्यासासाठी व्यावसायिक श्रेणीचा राउटर

मागील लेखांकात पत्ता, उपजाल आणि मार्ग या तीन संकल्पनांचा परिचय झाला. कागदावर त्या लवकर समजतात, परंतु एखाद्या राउटरला स्वतःच्या हाताने आज्ञा देऊन दोन उपजाले जोडल्याखेरीज त्या अंगवळणी पडत नाहीत. महाविद्यालयातील प्रयोगशाळेचे तास ठरलेले असतात आणि तेथील उपकरण मोडून पाहण्याची मुभा सहसा नसते. त्यामुळे धाराशिवच्या शासकीय तंत्रनिकेतनात, तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि कळंब, परंडा, उमरगा अशा गावांतून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय खऱ्या अर्थाने आत्मसात करावयाचा असेल, तर घरी एक राउटर असणे फार उपयोगाचे ठरते. तो कोणता असावा, हा या लेखांकाचा विषय आहे.

फायबरची जोडणी घेतलेल्या बहुतेक घरांत एक राउटर आधीच असतो. सेवा देणाऱ्याने बसवलेल्या त्या एकाच डब्यात चार उपकरणे कोंबलेली असतात : फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारा ओएनटी, एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पॅकेट पाठवणारा राउटर, घरातील यंत्रे तारेने जोडणारा स्विच आणि वायफायचे केंद्र. या डब्याशी बोलण्याचे साधन म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे एक पान, आणि त्या पानावर निर्मात्याने जेवढी बटणे ठेवली तेवढेच प्रश्न विचारता येतात. पॅकेट नेमके कोठे अडले, कोणता मार्ग कोणत्या कारणाने निवडला गेला, शेजारच्या राउटरने काय कळवले, हे तेथे दिसत नाही. शिवाय अनेकदा त्या डब्याचा ताबा दूरवरून सेवादात्याकडेच असतो आणि घरमालकाने केलेला बदल एखाद्या दुरुस्तीनंतर पुसला जातो.

व्यावसायिक श्रेणीचा राउटर म्हणजे अधिक वेगाचा राउटर, अशी समजूत सर्रास आढळते, आणि खरेदीत होणारी पहिली चूक तिच्यातूनच होते. या श्रेणीचे खरे लक्षण असे की त्यातील प्रत्येक पोर्टला स्वतंत्र जाळ्याचा पत्ता देता येतो, राउटरचे सर्व वर्तन कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकित करून, ठरवता येते आणि त्या वर्तनाचे संपूर्ण वर्णन, ज्याला कॉन्फिगरेशन म्हणतात, ते साध्या मजकुराच्या रूपात वाचता, जपून ठेवता व पुन्हा चढवता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यांतील शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण कालचा मजकूर आणि आजचा मजकूर शेजारी ठेवून कोणत्या ओळीमुळे जाळे बंद पडले हे शोधणे हाच या विद्येचा निम्मा अभ्यास होय.

कमांड लाइन सर्व कंपन्यांची सारखी नसते, आणि फरक केवळ शब्दांचा नसून बदल केव्हा लागू होतो व केव्हा टिकतो या विचाराचाही असतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्को या अमेरिकी कंपनीच्या आयओएस प्रणालीत आज्ञा दिल्याक्षणी लागू होते, परंतु ती केवळ चालू स्मृतीत, म्हणजे ‘रनिंग कॉन्फिगरेशन’मध्ये राहते, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन ती कायम स्मृतीत उतरवली नाही, तर वीज जाताच सगळे काम नाहीसे होते. उन्हाळ्यात दुपारी वीज जाणे ज्या जिल्ह्यात नवलाचे नाही, तेथे ही सवय विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच लागते. याच रीतीचा दुसरा उपयोगही आहे : दूरच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा दिली की दहा मिनिटांनी राउटर आपोआप नव्याने सुरू होतो, आणि बदलामुळे संपर्क तुटला असल्यास जुने, जतन केलेले कॉन्फिगरेशन परत येते. बदल यशस्वी झाला, तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणून ते थांबवता येते.

लाटव्हिया देशातील रीगा येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएसमध्ये याउलट प्रत्येक आज्ञा लागू होते आणि त्याच वेळी कायमही होते. म्हणून तेथे ‘सेफ मोड’ची सोय आहे, जी कंट्रोल आणि एक्स या कळा एकत्र दाबून सुरू होते आणि काम करता करता संपर्क तुटला तर त्या अवधीतील बदल मागे घेते. तिसरी रीत जुनिपर कंपनीच्या जुनोस प्रणालीची आणि तिच्याशी साम्य असलेल्या, २०१३ मध्ये व्याटा या प्रणालीपासून वेगळ्या झालेल्या मुक्त व्हायओएसची. तेथे सर्व बदल आधी एका मसुद्यात जमा होतात, ते चालू मांडणीशी ताडून पाहता येतात आणि ‘कमिट’ म्हटल्यावर एकत्रित लागू होतात. विचारांच्या दृष्टीने ही तिसरी रीत सर्वांत शिस्तबद्ध आहे, परंतु आरंभीच्या विद्यार्थ्याला आज्ञा देताच परिणाम दिसणे अधिक हितकर असते; दोन राउटर हाताळून झाल्यावर मसुद्याच्या रीतीचे महत्त्व आपोआप कळते.

या पार्श्वभूमीवर निवड करताना मायक्रोटिकचा पाच पोर्टचा ‘हेक्स’ हा छोटा राउटर पहिला म्हणून सुचवण्यासारखा आहे. नवा घेतला तरी तो काही हजार रुपयांत मिळतो, त्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विनामूल्य उतरवता येतात आणि ओएसपीएफ व बीजीपी या मार्गनिश्चितीच्या प्रमुख पद्धती त्याच्यात आधीपासूनच असतात. (ओएसपीएफ म्हणजे एकाच संस्थेतील राउटरांनी आपापल्या जोडण्यांची माहिती परस्परांना देऊन प्रत्येकाने स्वतः सर्वांत स्वस्त मार्ग काढण्याची पद्धत, बीजीपी ही संस्था-संस्थांमधील मार्ग ठरवणारी पद्धत.) त्याहून महत्त्वाचे कारण स्थानिक आहे. छोट्या शहरांतील केबलचालक आणि लहान इंटरनेट सेवादाते ग्राहकांना जोडण्यासाठी अनेक ठिकाणी मायक्रोटिकच वापरतात, आणि २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेचे, म्हणजे आजच्या भारतनेटचे, फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम सुरू झाल्यापासून अशा जोडण्या सांभाळणाऱ्या माणसांची गरज तालुक्यापर्यंत आली आहे. त्या कामात विचारली जाते ती भाषा घरीच शिकून होत असेल, तर ती संधी सोडू नये.

ज्याला सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा द्यावयाची आहे त्याने वापरलेला सिस्को राउटर घेण्यास हरकत नाही, मात्र डोळसपणे. जुना १८४१ स्वस्त मिळतो, पण त्याचे दोन्ही पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत. १९४१ मध्ये दोन गिगाबिट पोर्ट आहेत आणि तो अधिक काळ उपयोगी पडतो. दोन्हींचा कंपनीकडून मिळणारा पाठिंबा संपलेला आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन पाहणे शक्य नसेल आणि राउटर पार्सलनेच येणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन गोष्टींचे छायाचित्र मागवावे : एक म्हणजे राउटर सुरू होताना पडद्यावर उमटणारा मजकूर, आणि दुसरे म्हणजे ‘शो व्हर्जन’ या आज्ञेचे उत्तर. पहिल्यावरून मेमरी कार्डात आयओएस शिल्लक आहे की नाही ते कळते. ते नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवण्यासाठी सेवाकरार लागतो आणि विद्यार्थ्याकडे तो नसतो. दुसऱ्यावरून परवाने कळतात, कारण १९४१ मध्ये मार्गनिश्चितीचे मूलभूत गुण असले तरी आयपीसेक, म्हणजे दोन ठिकाणांमधील वाहतूक कूटबद्ध करण्याची पद्धत, सुरक्षेच्या वेगळ्या परवान्याशिवाय चालत नाही. जुन्या मालकाचा पासवर्ड शिल्लक राहिला असेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. राउटर हातात असताना तो काढून टाकण्याची अधिकृत रीत आहे आणि ती करून पाहणे हाच एक चांगला धडा आहे.

त्या रीतीसाठी कन्सोल पोर्ट लागतो. जाळ्याच्या पत्त्यावर अवलंबून न राहता राउटरशी थेट बोलण्याचे हे दार असून, सिस्कोमध्ये ते चपट्या निळ्या केबलने आणि सेकंदाला ९६०० बिट या संथ वेगाने उघडते; आजच्या लॅपटॉपला तसा पोर्ट नसल्याने यूएसबीचा परिवर्तक आणि पुट्टीसारखा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा लागतो. पत्ता चुकीचा दिला, पोर्ट बंद केला किंवा स्वतःलाच अडवणारा नियम लिहिला, तरी कन्सोलवरून आत जाता येते, म्हणून चुका करण्याचे धैर्य या दारामुळे येते. हेक्सला असा स्वतंत्र कन्सोल नाही, परंतु मायक्रोटिकच्या विनबॉक्स या प्रोग्रामद्वारे यंत्राच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे निर्मात्यानेच पोर्टला दिलेल्या पत्त्यावरून, आयपी पत्ता मुळीच नसतानाही जोडता येते आणि आरंभी तेवढे पुरते.

वीज आणि उष्णता यांचा विचार महानगरातील खरेदीदार सहसा करीत नाही. धाराशिवमध्ये तो करावाच लागतो. १९४१ रिकामा चालतानाही सुमारे ३५ वॅट घेतो, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास महिन्याला सुमारे २५ युनिट; हेक्सचा खर्च पाच वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटांच्या जवळ राहतो. सिस्कोच्या त्या राउटरला चाळीस अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत ती दुपारीच ओलांडली जाते. त्याचा पंखाही आवाज करतो. हेक्सला पंखा नाही आणि तो बारा व्होल्टचा एकदिश पुरवठाही स्वीकारतो, त्यामुळे ओएनटीसाठी घेतलेल्या बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसच्या जातीचाच यूपीएस त्यालाही चालतो. म्हणून सिस्को घेतलाच तर तो अभ्यासापुरता सुरू करावा आणि हेक्स कायम चालू ठेवावा.

अभ्यासाचा राउटर घरातील इंटरनेटच्या मुख्य वाटेवर बसवू नये, हा सल्ला आग्रहाने द्यावासा वाटतो. धाकट्या भावंडाचा ऑनलाइन वर्ग किंवा वडिलांचा व्यवहार एका चुकीच्या आज्ञेने बंद पडला, की घरच्यांचा विरोध सुरू होतो आणि प्रयोग थांबतात. ओएनटी व त्याचे वायफाय आहे तसे ठेवून त्याच्या एका पोर्टला नवा राउटर जोडावा. ओएनटीने आत १९२.१६८.१.० हे उपजाल वाटले असेल, तर नव्या राउटरच्या आतील बाजूस त्याहून वेगळे उपजाल असले पाहिजे, अन्यथा दोन्ही बाजू एकच दिसून राउटरला मार्ग ठरवता येत नाही. मायक्रोटिक मुळातच १९२.१६८.८८.० देतो, त्यामुळे अडचण येत नाही. या मांडणीत नॅट, म्हणजे आतील अनेक पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकण्याची क्रिया, दोनदा होते. सेवादात्याने दिलेला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातील निघाला तर ती तिसऱ्यांदा सेवादात्याकडेही होते, कारण २०१२ मध्ये हा गट अशाच सामायिक वापरासाठी राखून ठेवण्यात आला. अशा वेळी बाहेरून घरच्या राउटरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. अभ्यासाला त्याने बाध येत नाही, उलट संरक्षणच मिळते. २०१८ मध्ये विनबॉक्समधील एका त्रुटीवरील दुरुस्ती एप्रिलमध्येच उपलब्ध झाली होती, तरीही ती न बसवलेल्या लाखो मायक्रोटिक राउटरांवर त्या वर्षी हल्ले झाले; म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि व्यवस्थापनाचे दार फक्त आतील बाजूस उघडे ठेवणे हे पहिल्या दिवसाचे काम समजावे.

एक महाग राउटर घेण्याऐवजी दोन स्वस्त घ्यावेत, हे या विषयातील सर्वांत कमी सांगितले जाणारे सत्य आहे. एकट्या राउटरवर पत्ते देता येतात, नॅट लिहिता येते, नियम मांडता येतात. परंतु मार्गनिश्चितीची पद्धत ही मुळात शेजाऱ्यांमधील बोलणी आहे आणि शेजारी नसेल तर ओएसपीएफच्या आज्ञा लिहूनही पाहण्यासारखे काही घडत नाही. दुसऱ्या राउटरचा खर्च झेपत नसेल, तर लॅपटॉपवर आभासी राउटर चालवावा : मायक्रोटिकचा सीएचआर प्रत्येक पोर्टला सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या मर्यादेत विनामूल्य चालतो, व्हायओएसही मिळतो आणि सिस्कोच्या आज्ञांसाठी पॅकेट ट्रेसर आहे. केवळ आभासी राउटरांवरही बराच अभ्यास होतो. पण सैल केबल, चुकीचा पोर्ट आणि वीज परतल्यावर न उठणारा राउटर तेथे भेटत नाहीत, आणि प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग त्यांचाच असतो.

दोन राउटर हाती आले की करण्याजोगा पहिला प्रयोग पीपीपीओईचा आहे. वापरनाव व पासवर्ड देऊन फायबर सुरू करण्याची जी पद्धत बीएसएनएलच्या ग्राहकांच्या परिचयाची आहे तीच ही. एका मायक्रोटिकला सेवादाता आणि दुसऱ्याला ग्राहक करून ती जोडणी घरातल्या घरात उभारता येते, आणि एरवी १५०० बाइट सामावणारे पॅकेट तेथे १४९२ वर का अडते, हे डोळ्यांनी पाहता येते : या पद्धतीचे शीर्षक प्रत्येक पॅकेटमधील ८ बाइट घेते. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट थांबतात, या नेहमीच्या तक्रारीचे एक मूळ या ८ बाइटांत असते. पुढील लेखांकात हाच प्रयोग आज्ञा-आज्ञांनी मांडला जाईल. तोपर्यंत नव्या राउटरवर ‘एक्स्पोर्ट’ ही आज्ञा देऊन, कोणताही बदल करण्यापूर्वीचे कॉन्फिगरेशन एका फाइलमध्ये तारखेसह जपून ठेवावे आणि त्यातील प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लिहून काढण्याचा प्रयत्न करावा.