अनोळखी माणसाचा शब्द: 'एल्डन रिंग'मधले मेसेज आणि शब्दप्रमाण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान पाहिलं, उपमानाला जरा घाईत निरोप दिला. आज शब्दप्रमाण. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मला जे कळतं, त्याला ज्ञान म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कोणत्या अटींवर, हा आजचा प्रश्न. उदाहरणासाठी मी एक व्हिडिओ गेम घेणार आहे. काहींच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसताहेत. वर्गात मी वर्षानुवर्षं 'नदीकाठी पाच फळं आहेत' हेच वाक्य फळ्यावर लिहीत आले. त्यापेक्षा हे उदाहरण चांगलं आहे असं माझं मत आहे, कारण त्या पाच फळांसाठी कुणी कधी नदीवर गेलं नाही. इथे मात्र लाखो लोक रोज अनोळखी माणसाच्या शब्दावर पाऊल टाकतात आणि त्याचं फळ, म्हणजे बऱ्याचदा मरण, लगेच त्यांच्या पदरात पडतं.

गेमचं नाव 'एल्डन रिंग'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीनं तो 25 फेब्रुवारी 2022 रोजी आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाच्या पुराणकथेचा पाया रचायला कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. 3 कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. मोकळं जग आहे: डोंगर, तळी, ओसाड चर्च, किल्ले, आकाशभर पसरलेलं एक सोनेरी झाड. तुम्ही 'टार्निश्ड', म्हणजे कृपेला मुकलेला एक योद्धा. कुठे जायचं हे कुणी ठामपणे सांगत नाही. इतर गेममध्ये नकाशावर खुणा असतात, 'इथे जा, हे आण' अशी यादी असते. इथे यादीच नाही. त्यामुळे नव्यानं खेळणाऱ्यांचे अनुभव ऐकले तर दोन सूर हमखास कानावर येतात. एक, 'काही कळतच नाही हो, मी सोडून दिला.' दुसरा, 'दहा तासांनी अचानक कळायला लागलं आणि मग उठवेना.' मधला सूर मी फारसा ऐकलेला नाही.

मी स्वतः तो खेळते. बोटांत आता संधिवात आहे, कंट्रोलरवर ती वेळेवर वळत नाहीत. वीस वर्षांच्या मुलाला जे हाताच्या वेगानं निभावून नेता येतं, ते मला माहितीनं निभवावं लागतं. म्हणून दुसऱ्यांच्या शब्दाची गरज मला जरा जास्तच पडते. हा विषय निवडला त्यामागे हेही एक कारण.

तर, या गेममध्ये खेळाडू जमिनीवर मेसेज लिहून ठेवू शकतो, आणि तो जगभरच्या इतर खेळाडूंना त्यांच्या त्यांच्या गेममध्ये त्याच जागी दिसतो. पण मनात येईल ते लिहिता येत नाही. ठरलेले साचे आहेत आणि ठरलेले शब्द आहेत: 'पुढे अमुक', 'अमुक करून बघा', 'अमुकपासून सावध'. साच्यात शब्द बसवायचा, हवं तर दोन वाक्यं जोडायची, संपलं. साचे ठरलेले असल्यामुळे जपानी माणसानं जपानीत लिहिलेला मेसेज मला इंग्रजीत वाचायला मिळतो. वाचणारा त्याला चांगला किंवा वाईट असा शेरा देतो. आणि गंमत बघा: तुमच्या मेसेजला कुणी चांगला म्हटलं, तर त्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे तुमची प्राणशक्ती भरून येते. राक्षसासमोर शेवटचे श्वास मोजत असताना कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी तुमचं जुनं वाक्य वाचून मान डोलावली, आणि तुम्ही वाचलात.

ही कल्पना मियाझाकींच्या 2009 च्या 'डीमन्स सोल्स'पासूनची आहे. त्यामागचा एक प्रसंग त्यांनी मुलाखतीत सांगितला आहे. बर्फात चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या गाडीनं पुढचीला ढकलायला सुरुवात केली, आणि तसं करत करत सगळ्या वर चढल्या. मियाझाकींची गाडीही चढली. थांबून आभार मानायला गेले असते तर पुन्हा अडकले असते, म्हणून ते तसेच पुढे निघून गेले. ती माणसं कोण होती, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आता न्यायशास्त्राकडे येऊ. नैयायिक म्हणतात, आप्ताचा शब्द हे प्रमाण. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, तो मराठीतला अर्थ इथे बाजूला ठेवा. वात्स्यायनानं आप्ताची लक्षणं दिली आहेत: ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, तो. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. हे वाक्य मला नेहमीच फार मोलाचं वाटत आलं आहे. कुळ विचारू नका, जाणलंय का आणि खरं सांगायचंय का, एवढं विचारा. आपल्या गेमनं नेमकं हेच केलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याचा चेहरा नाही, देश नाही, वय नाही, भाषासुद्धा नाही.

पण चेहरा गेला की कपटही सोपं होतं. कड्याच्या टोकावर मेसेज असतो, 'उडी मारून बघा'. साध्या भिंतीसमोर असतो, 'पुढे गुप्त वाट'. जैन तार्किक माणिक्यनंदीनं खोट्या शब्दाचं उदाहरण दिलं आहे: राग, द्वेष किंवा मोहानं पछाडलेला माणूस पोरांना सांगतो की नदीकाठी मोदकांचे ढीग पडलेत, पळा. ही सगळी त्याच कुळातली वाक्यं. उडी मारली की मेलात, आणि जमवलेले सगळे 'रून्स', म्हणजे त्या जगातली कमाई, तिथेच सांडतात. ते परत उचलायच्या आत पुन्हा मेलात, तर कायमचे गेले. दोन तासांची मेहनत एका वाह्यात वाक्यापायी जाते.

मग उपाय काय? चार्वाकाचा मार्ग घ्यायचा, फक्त डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं? खूप जण तसं ठरवतात. पण गेमच्या अगदी सुरुवातीला काय होतं ते सांगते. पहिल्या स्मशानात एका खड्ड्याच्या काठावर एक भूत बसलेलं आहे, आणि ते सांगतं, खाली उडी मार. असल्या गेममध्ये खड्डा म्हणजे मरण, एवढं जुन्या खेळाडूंना पाठ असतं. ते हसतात आणि दार उघडून पुढे जातात. वास्तविक खाली काही धोका नाही. तिथे गेम कसा खेळायचा ते शिकवणारी सगळी गुहा आहे! ढाल कशी धरायची, वार कसा चुकवायचा, सगळं. इतक्या लोकांनी ती चुकवली की निर्मात्यांना नंतर तिथे वेगळी सूचना घालावी लागली. संशयाला फसवणुकीइतकीच किंमत मोजावी लागते. फरक एवढाच, की फसलेल्याला ते कळतं आणि संशयीला बहुधा कळत नाही.

मीमांसक इथे दुसऱ्या टोकाला उभे आहेत. ज्ञान आपलं आपण प्रमाण असतं, दोष दिसला किंवा उलट ज्ञान झालं तरच ते सोडायचं, हे कुमारिलाचं स्वतःप्रामाण्य. म्हणजे मेसेज वाचला की आधी माना. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. त्या ज्ञानावर विसंबून काही केलं आणि ते सफल झालं, तर ते खरं. यालाच प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. आता अडचण लक्षात घ्या. भिंतीसमोरच्या मेसेजबाबत नैयायिकांचं ऐकणं स्वस्त आहे: एक वार करा, भिंत मायावी असेल तर विरून जाईल. कड्यावर हीच परीक्षा केली तर परीक्षक उरत नाही.

म्हणून मला या गेममधली सगळ्यात शहाणी सोय वाटते ती रक्ताच्या डागांची. दुसरा खेळाडू जिथे मेला तिथे जमिनीवर लाल डाग दिसतो. त्याला हात लावला की त्याच्या शेवटच्या काही क्षणांची लाल छाया तुमच्यासमोर हलते. मेसेज हा शब्द आहे, म्हणून तो खोटा असू शकतो. डाग खोटं बोलत नाही, कारण तो काही सांगायला ठेवलेलाच नाही. 'उडी मारून बघा' असं लिहिलं आहे आणि भोवती सात-आठ डाग आहेत, तर अनुमान करायला न्यायशास्त्र लागत नाही. आधी मेसेज वाचा, मग खाली बघा, मग पाऊल उचला. शब्द अनुमानानं तपासायचा, आणि तपासणी स्वस्त असेल तिथे प्रत्यक्षानं. माझी पहिली टिप हीच.

भिंतींची एक गोष्ट राहिली. गेम आल्यावर काही आठवड्यांतच वॉल्केनो मॅनर या वाड्यात एक भिंत सापडली. ती एका वारानं नव्हे, पन्नासेक वारांनी विरत होती. तो बहुधा निर्मितीतला दोषच होता. पण झालं काय, 'इथे काही नाही' असं म्हणण्याची सोयच उरली नाही! प्रत्येक भिंतीसमोर लोक तलवारी घासत बसले. अभाव सिद्ध करणं किती कठीण, हे वर्गात मला इतक्या चटकन कधी समजावता आलं नव्हतं.

आणि कासवांचं सांगायलाच हवं. मेसेजच्या शब्दांत कासव नाही, कुत्रा आहे. त्यामुळे प्रत्येक कासवासमोर लोक 'पुढे कुत्रा' लिहितात. नवा माणूस गोंधळतो, जुना हसतो. मुख्यार्थ बाधित झाला की लक्षणा, हे 'गंगेवरच्या गवळीवाड्या'चं जुनंच प्रकरण आहे. शब्द अपुरे पडले म्हणून लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी कुत्र्यालाच कासव केलं.

आता जरा अवघड मुद्दा. शब्द खरा आहे, सांगणाराही जाणता आहे, तरीही सल्ला वाईट ठरू शकतो. सुरुवातीला व्हॅरे नावाचा पांढऱ्या मुखवट्याचा एक माणूस भेटतो. तो स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे जा म्हणतो. विश्रांतीच्या जागी दिसणारा सोनेरी किरणसुद्धा तिकडेच बोट दाखवतो. दोघांनी सांगितलेली दिशा बरोबर आहे. पण वाटेत मार्गिट उभा आहे, आणि नव्या खेळाडूला तो चिरडतो. मी त्याच्यासमोर चाळीसेक वेळा तरी मेले असेन. इथे वात्स्यायनाच्या दोन अटी पुऱ्या पडत नाहीत. वेदान्ताचे ग्रंथ आरंभी अधिकारी कोण ते सांगतात, ती तिसरी अट मी इथे आणते: ऐकणारा आज त्या सल्ल्यासाठी तयार आहे का? शंभर तास खेळलेल्यांच्या टिप्स बऱ्याचदा इथेच फसतात. त्यांना सोपं वाटतं ते त्यांच्या हाताला सोपं असतं.

अधिकाराचा विचार करून दिलेला सल्ला असा असतो. स्टॉर्मव्हेल आधी सोडून द्या. दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात जा, तिथले शत्रू झेपतील. कमाई आधी 'व्हिगर'वर खर्चा, म्हणजे प्राण वाढतात. नवे लोक ती शस्त्राच्या ताकदीवर उधळतात आणि एका फटक्यात मरतात. धार लावायचे दगड मिळतील ते एकाच शस्त्राला वापरा. बाहेर पडल्या पडल्या घोड्यावरचा सोनेरी शिलेदार दिसेल, ट्री सेंटिनेल. त्याला वळसा घाला. गेमचा पहिला धडा हाच आहे की समोर दिसणाऱ्या प्रत्येकाशी लढायचं नसतं. सोबतीला आत्मे बोलावता येतात, त्यांना काही खेळाडू 'फसवणूक' म्हणतात. गेमनं दिलेली सोय वापरण्यात कसली फसवणूक? माझे तीन लांडगे मला प्रिय आहेत.

तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत, तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धुरानं वेढून ती तुम्हाला दूर केलिडमधल्या एका खाणीत टाकते, आणि चालत बाहेर पडेपर्यंत नकाशावरून सुटका नाही. पेटीभोवती मेसेजांची गर्दी असू शकते: कुणी सावध करतं, कुणी खजिना आहे म्हणतं. वाचून तुम्हीच ठरवा. मी सावध करणाऱ्याला चांगला शेरा दिला, आणि मग पेटी उघडली. केलिडचं लाल आकाश एकदा बघायचं होतं.

एक चिठ्ठी आली आहे: 'ऑनलाइन न जाता खेळलं तर हे सगळं टळणार नाही का?' टळेल. मग इतरांचे मेसेजही दिसणार नाहीत आणि रक्ताचे डागही नाहीत. पहिल्यांदा खेळताना तसं करू नका. पुष्कळ जण ऑनलाइनला घाबरतात ते दुसरे खेळाडू येऊन मारतील म्हणून. एकटे खेळत असाल आणि मदतीला कुणाला बोलावलं नसेल, तर मुद्दाम आव्हान दिल्याशिवाय या गेममध्ये तसं कुणी येत नाही. दुसरी चिठ्ठी उपमानाबद्दल आहे, ती पुढच्या वेळी घेऊ.